नातीचा हॅरी, माझा झुंजार

वाचकहो, आज एक कबुली द्यायची आहे. तुमच्या घरात एखादं शाळकरी पोर असेल तर ते हे वाचून मला दोन शब्द सुनावणार, याची तयारी ठेवूनच लिहायला बसले आहे. साऱ्या जगानं डोक्यावर घेतलेली एक पुस्तकांची मालिका आहे, हॅरी पॉटर नावाच्या पोराची. ती मला आवडत नाही. दोन पानं चाळून म्हणत नाही. सातही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकली, आणि मग म्हणते.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विलायतेतल्या जे. के. रोलिंग या बाईंनी ही गोष्ट लिहिली. आधी बऱ्याच प्रकाशकांनी बाड परत केलं. 1997 साली पहिलं पुस्तक निघालं तेव्हा पुठ्ठ्याच्या बांधणीच्या अवघ्या 500 प्रती छापल्या होत्या. एवढ्या तर आमच्या गावच्या यात्रेच्या वर्गणीच्या पावत्या फाटतात. सातवं पुस्तक 2007 साली आलं, आणि आजवर सातांच्या मिळून 60 कोटींच्या वर प्रती खपल्या आहेत, 80 हून अधिक भाषांत. मराठीतही ती भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं आणली. पहिल्याचं मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’.

गोष्ट अशी. हॅरीचे आईबाप तो तान्हा असतानाच गेलेले. मावशीच्या घरी, जिन्याखालच्या कपाटात तो झोपतो. अकरा वर्षांचा होतो तेव्हा पत्र येतं की बाबा, तू जादूगार आहेस, आमच्या शाळेत ये. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात पावणेदहा नंबरचा फलाट आहे, त्यावरून शाळेची आगगाडी सुटते. मग दर पुस्तकात शाळेचं एक वर्ष, आणि ज्या दुष्टानं आईबापांना मारलं त्याच्याशी झुंज.

आता तुम्ही म्हणाल, सत्तरीच्या म्हातारीला पुस्तकातलं काय कळतंय? हिला गोष्टींची गोडीच नसेल. तर तसं मुळीच नाही. आमच्या भागात अशा गोडीला नाद म्हणतात, आणि माझ्याएवढी नादिष्ट बाई पंचक्रोशीत नसेल.

पहिला नाद चांदोबाचा. मद्रासहून छापून यायचा. आमच्या शाळेच्या गुरुजींकडे एकच अंक यायचा आणि तो आम्ही पोरं पाळी लावून वाचायचो. मुखपृष्ठ फाटायचं, मधली पानं सुटायची, पण विक्रम-वेताळाचं पान कुणी सुटू द्यायचं नाही. अंधाऱ्या मसणवटीतून खांद्यावर प्रेत टाकून निघालेला विक्रमादित्य, हातात तलवार. ते चित्र काढणारे शंकर 2020 साली गेले. चांदोबा तर त्याच्याही आधी बंद पडला. बातमी वाचली त्या दिवशी माझं भाकरीकडे लक्ष नव्हतं.

दुसरा नाद बाबूराव अर्नाळकरांचा. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं. झुंजार, काळापहाड, धनंजय. आमचा थोरला भाऊ तालुक्याला शिकायला होता. शनिवारी यायचा तेव्हा पिशवीत धुण्याच्या कपड्यांखाली दोन अर्नाळकर असायचे. मी ते गोठ्यात वैरणीच्या पेंढ्यांत लपवायची आणि धारेच्या निमित्तानं जाऊन वाचायची. म्हशीला पान्हा सुटून जायचा, पण झुंजार तळघरातून सुटायचा नाही.

लग्न होऊन इकडे आले, तर आमच्या मालकांना कुस्तीचा नाद. कोल्हापूरच्या खासबागेतलं मैदान बघून यायचे आणि अंगणात मला पकडी करून दाखवायचे. बायकांनी मैदानाला जायची रीत नव्हती. पण कवठेपिरानच्या मारुती मानेंची कुस्ती कोणत्या डावावर झाली ते मी तुम्हाला आजही सांगेन, न बघता. तंबूच्या टॉकीजमध्ये ‘पिंजरा’ तीनदा पाहिला. 1987 साली रामायण सुरू झालं तेव्हा गावात दोनच टी. व्ही. रविवारी सकाळी लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. मी स्वतः त्या पेटीला हळदीकुंकू वाहिलेलं आहे. हसू नका, तुमच्याही घरी कुणी वाहिलं असेल.

तेव्हा नाद म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.

तर 2017 च्या जून महिन्यात हे हॅरी प्रकरण आमच्या घरात शिरलं. नातीला अकरावं वर्ष होतं. तिच्या मामानं पुण्याहून पहिली दोन पुस्तकं पाठवली. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा, 2014 च्या जानेवारीत रात्रीच्या अपघातात गेला. सून अंगणवाडीत जाते. संध्याकाळी घरात आम्ही दोघीच. पाऊस लागला की लाईट जायची. मी कंदिलाशेजारी बियाण्याच्या शेंगा फोडत बसायची आणि ती मोठ्यानं वाचायची. माझे डोळे तेव्हा मोतीबिंदूनं अंधारलेले. ती वाचते आहे याचंच मला कौतुक.

पण ऐकता ऐकता मनात एकेक खटकायला लागलं.

पहिली ती मावशी. अहो, आपल्यात म्हण काय आहे? माय मरो पण मावशी जगो. आणि ही मावशी पोरक्या भाच्याला जिन्याखाली झोपवते, तिच्या पोराचे जुने कपडे घालते, उपाशी ठेवते. असल्या मावश्या जगात नसतीलच असं नाही. पण मला ती पटेना.

मग ती शाळा, हॉगवर्ट्स. पोरं जेवायला बसतात, समोर सोन्याच्या रिकाम्या ताटल्या, आणि बघता बघता ताटल्या भरतात. बटाटे, मटण, पुडिंग, पाहिजे तेवढं. नात वाचतच होती. मी तिला थांबवलं.

“थांब. हे रांधलं कुणी?”

“आज्जी, जादू असते ती.”

“बरं, रांधलं जादूनं. पिकवलं कुणी?”

“असं नसतं विचारायचं गं गोष्टीत!”

का नसतं? बटाट्याला सरी सोडावी लागते, भर लावावी लागते, करपा आला की रात्रीची झोप उडते, आणि काढणीला आला की नेमका भाव पडतो. त्या जेवणघराचं छत म्हणे मंतरलेलं, बाहेरच्या आभाळासारखं दिसतं. बाहेर ढग तर छतावर ढग. त्याच्याखाली पाचपन्नास नव्हे, शेकडो पोरं बसून जेवतात आणि एकाच्याही मनात येत नाही की अजून चार दिवस पाऊस थांबला तर बरं. हातातली छडी फिरवून मोडका चष्मा नीट करतात, पिसं उडवतात, पण कुणी पावसासाठी छडी फिरवत नाही. आभाळाकडे शोभा म्हणून बघणारी माणसं मला परकी वाटली, दुसरं काय.

आणि तो हॅरी शाळेत पाऊल टाकायच्या आधीच नावाजलेला. केलं काय, तर तान्हा असताना मेला नाही. आमचा झुंजार निदान स्वतःच्या अकलेनं नाव कमवायचा.

हे सगळं मी नातीला तोंडावर सांगायची. ती चिडायची, वाद घालायची, पुन्हा वाचायला लागायची. इथवर ठीक होतं. बिघडलं ते दिवाळीत.

नणंद आली होती, तिच्या सुना, नातवंडं, सोपा भरलेला. नात कोपऱ्यात पुस्तक घेऊन. कुणीतरी विचारलं, काय वाचती गं एवढं? ती सांगणार तेवढ्यात मीच बोलले. चारचौघांत बोलायची मला हौस. म्हटलं, “खुळ्यांचं पुस्तक हाय. छडी फिरवायची आणि जेवायचं. आईबाप मेलेल्या पोराचा खेळ मांडलाय नुसता.”

सगळे हसले. नातीनं पुस्तक मिटलं आणि परड्यात निघून गेली.

तिनं भांडण केलं नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेंगांचं सूप घेऊन बसले, तर ती आली नाही. अभ्यास आहे म्हणाली. तिसऱ्या दिवशीही अभ्यास. दिवाळीच्या सुटीत कसला अभ्यास?

मला रात्री झोप लागेना. आणि वाचकहो, पन्नास वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली, जी मी कुणाला सांगितली नव्हती. मी तेरा वर्षांची होते. गोठ्यात वैरणीतला अर्नाळकर आमच्या चुलत्यांच्या हाती लागला. त्यांनी तो अंगणात आणला, पाहुण्यांच्या देखत त्यातली दोन वाक्यं नाटकी आवाजात वाचून दाखवली, सगळे पोट धरून हसले, आणि मग त्यांनी ते पुस्तक पाण्याच्या बंबात घातलं. चुलते वाईट नव्हते. यात्रेला मला बांगड्या त्यांनीच घेतलेल्या. पोर बिघडू नये एवढंच त्यांच्या मनात. पण माझा झुंजार त्या वेळी तळघरात कोंडलेला होता, वर पाणी चढत होतं, आणि तो तिथून कसा सुटला हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुस्तकाचं नावही ध्यानात राहिलं नाही. त्या पाण्यानं मी अंघोळ केली, ते मात्र ध्यानात आहे.

तरीही मी नातीची समजूत काढायला गेले नाही. ताठा. आजी होऊन काय चुकलं म्हणायचं?

मार्गशीर्षात उन्हं चांगली पडली म्हणून मी वाकळा उन्हात टाकायला काढल्या. नातीच्या उशाखाली ते पहिलं पुस्तक निघालं. उचलताना ते आपोआप एका जागी उघडलं. पुस्तक पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी उघडलं की त्याची पाठ तशी मोडते, पोथीची मोडते तशी. पान मळलेलं, अंगठ्याचा डाग पडलेला. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, तरी उन्हात धरून, बोट लावून लावून वाचलं.

त्यात एक आरसा होता. माणूस समोर उभा राहिला की त्याच्या मनातली सगळ्यात खोलवरची इच्छा त्या आरशात दिसते. हॅरी रात्री चोरून तिथं जातो, तर आत त्याचे आईबाप उभे. त्याच्याकडे बघून हसतात, हात हलवतात. तो काचेला हात लावतो. पुन्हा दुसऱ्या रात्री जातो. तिसऱ्या रात्री पुन्हा.

हे प्रकरण नातीनं मला वाचून दाखवलं नव्हतं. सगळं पुस्तक वाचलं, हेच तेवढं गाळलं. मला आठवलं, त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, इथं जरा कंटाळवाणं आहे आज्जी, पुढचं वाचते.

अकरा वर्षांच्या पोरीनं माझ्यासाठी गाळलं होतं.

मी त्या वाकळांच्या ढिगावरच बसले. धाकट्याचा फोटो वर्षश्राद्धानंतर मीच भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला होता. मला बघवत नव्हता. घरात कुणी विचारलं नाही, सुनेनंही नाही, आणि मी समजले की सगळ्यांचंच बरं चाललंय. पोरीला बापाचा चेहरा बघायला त्या परक्या पोराचा आरसा शोधावा लागला.

खरं सांगते, त्या दिवशी ते पुस्तक मला जास्तच नावडलं. राग आला त्या लिहिणाऱ्या बाईचा. मेलेलं माणूस असं काचेत येऊन हसत नाही. रात्री उठून दारापर्यंत गेलं तरी येत नाही. हे पोरांना का दाखवायचं? पुढं वाचलं तेव्हा कळलं की त्या शाळेचे मोठे गुरुजी, डंबलडोर, हॅरीला नेमकं हेच सांगतात. या आरशापुढं बसून माणसं झिजून गेली, मी तो इथून हलवणार आहे, पुन्हा शोधायला जाऊ नकोस. म्हातारा शहाणा निघाला. तरी राग गेला नाही.

संध्याकाळी मी ट्रंक उघडली आणि फोटो पुसून सोप्यात होता त्या खिळ्याला लावला. सून अंगणवाडीतून आली, बघितलं, आत जाऊन चहा ठेवला. नात शाळेतून आली, दप्तर खांद्यावर तसंच ठेवून बराच वेळ उभी राहिली. मी कंदिलाची काच पुसत होते. म्हटलं,

“पुढलं वाचतीस का?”

“तुला आवडत नाही ना?”

“न्हाई आवडत. वाच.”

तर अशी आम्ही पुढची पाच पुस्तकं काढली. दीड वर्ष लागलं. भांगलणीच्या दिवसांत मी दमून ऐकता ऐकता झोपायची, तर ती दुसऱ्या दिवशी मागचं सांगून पुढं जायची. मामा एकेक पुस्तक पाठवत होता. आणि गंमत अशी की माझ्या शंकांची उत्तरं पुढच्या पुस्तकांतून निघत गेली. चौथं पुस्तक चालू असताना ती शाळेतून पळतच आली. मधल्या सुटीत पुढं वाचलेलं.

“आज्जी! सापडलं! जेवण कोण करतं ते सापडलं!”

तर त्या शाळेच्या तळघरात भलं मोठं स्वयंपाकघर, आणि तिथं शंभराच्या वर बुटके घरगडी राबतात. एल्फ म्हणतात त्यांना. बिनपगारी. अंगावर कपड्याऐवजी पुसणी. पोरांना त्यांची तोंडंही दिसत नाहीत. हॅरीची मैत्रीण आहे एक, हर्मायनी, तिला हे कळल्यावर संताप येतो. ती गड्यांच्या हक्कासाठी मंडळ काढते, पण तिच्याबरोबरची पोरं तिची टिंगल करतात. त्यातला डॉबी नावाचा गडी मोकळा झालेला असतो. मोठे गुरुजी त्याला आठवड्याला दहा मोहरा आणि शनिवार-रविवार सुटी देऊ करतात, तर हा म्हणतो एवढं नको, आठवड्याला एक मोहोर द्या आणि महिन्याला एक सुटी पुरे.

हे ऐकून मी इतकी हसले की ठसका लागला. पाडव्याला गड्याचं साल ठरवताना मी दारात बसून कैक वर्षं ऐकलंय. देणारा वाढवतो आणि घेणारा कमी करून मागतो, असा सौदा मी तरी पाहिला नाही. नात म्हणाली, “त्यांच्या मनात तसं भरवलेलं असतं आज्जी, पिढ्यान्‌पिढ्या.” बारा वर्षांची पोर हे म्हणाली. मी हसायची थांबले. कारण तसं भरवलेली माणसंही मी पाहिली आहेत. आमच्याच दारात.

आणि सातव्या पुस्तकात तर कमाल. तिघं पोरं रानोमाळ भटकतात, खायला काही नाही. तेव्हा ती हर्मायनी सांगते की अन्न शून्यातून तयार करता येत नाही, तो जादूचाही नियम आहे. आधी असेल तर वाढवता येईल, कुठं आहे ते ठाऊक असेल तर बोलावता येईल, पण नसेल तर नाही. नातीनं पुस्तक आपटलं आणि म्हणाली, “झालं समाधान?”

अर्धं झालं. मग पिकवतं कोण, हे सातव्या पुस्तकातही नाही.

सात पुस्तकांत मला एकच पोर मनापासून आवडलं. नेव्हिल नावाचं. विसराळू, भित्रं, सगळे हसतात त्याला. पण वनस्पतीच्या तासाला त्याचे हात चालतात. त्या शाळेत स्प्राउट बाई आहेत, त्यांच्या नखांत माती असते. मँड्रेक नावाचं रोप एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत लावायचं, तर त्याच्या मुळाचं रडकं पोर असतं आणि ते ऐकवत नाही म्हणून कान झाकून घ्यायचे. रोप उपटताना मुळाला कळ लागते हे ज्या बाईला सुचलं, तिनं कधीतरी स्वतः वाफ्यात हात घातला असणार. तेवढं मी कबूल करते. शेवटी नेव्हिल त्याच विषयाचा गुरुजी होतो.

आणि त्याला त्याच्या आजीनं वाढवलेलं. कडक, तापट, डोक्यावर गिधाडाची टोपी. आईबाप जिवंत, पण दुष्टांनी छळ करून त्यांचं भान घालवलेलं. दवाखान्यात असतात, पोराला ओळखत नाहीत. त्याची आई त्याला गोळीचा रिकामा कागद आणून देते. आजी म्हणते, टाकून दे. तो आजीची नजर चुकवून खिशात ठेवतो.

इथं नातीनं वर बघितलं नाही, मीही बघितलं नाही. पण तिला ठाऊक होतं आणि मलाही.

शेवटच्या पुस्तकात हॅरी मरायला निघतो तेव्हा गेलेले आईबाप पुन्हा येतात, एका मंतरलेल्या खड्यामुळं, आणि अंधाऱ्या रानातून त्याच्या बाजूनं चालतात. मी मनाशी म्हटलं, हे ती गाळणार. तिनं गाळलं नाही. अक्षर न् अक्षर वाचलं. मी शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, “आवडलं?”

“न्हाई.”

“मग रडतेस कशाला?”

“रडायचा आन् आवडायचा काय संबंध?” मी म्हटलं. तिला हे उत्तर फार आवडलं. मैत्रिणींना सांगितलं म्हणे.

पुढं अकरावीला गेल्यावर तिनं तालुक्याच्या कॉलेजातून एक इंग्रजी पुस्तक आणलं. “तुला कामाची पुस्तकं आवडतात ना, मग हे तुझं.” अमेरिकेच्या लॉरा इंगल्स वाइल्डर बाईंचं, त्यांच्या लहानपणच्या शेतकरी घराचं. त्याचीही मालिकाच आहे. ती इंग्रजीतून बघून मला मराठीत सांगायची. नदीकाठी गहू उभा, बापानं पिकाच्या भरवशावर घराला लाकूड आणि काचा उधार आणलेल्या, आणि आभाळातून टोळधाड उतरते. मी उठून बसले. दुसऱ्या एका पुस्तकात 1880-81 चा हिवाळा, बर्फानं आगगाड्या बंद, पीठ संपलेलं, तर कॉफीच्या जात्यावर गहू दळून भाकरी करतात आणि सरपण नाही म्हणून गवताचे पीळ करून जाळतात. ही माणसं मला रस्त्यात भेटली असती तर मी त्यांना घरी आणून बसवलं असतं. मी म्हटलं, वाच आणखी. तर नात जांभई देऊन म्हणते, “आज्जी, यात नुसतं कामच आहे गं.”

आता ती पुण्याला शिकते. खोलीत भिंतीवर तो हॅरी आहे. सुटीला आली की आमची जुनी भांडणं आधी होतात, मग जेवण. मी अजून म्हणते की ज्या गोष्टीत सात वर्षांत एकदाही सुगी येत नाही ती गोष्ट अर्धीच. ती म्हणते की तुला सगळीकडं शेतच दिसतं.

गेल्या खेपेला तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेलं, पाठ गेलेली, पानं पिवळी. अर्नाळकर! झुंजारची कथा. बंबात गेलेली ती नव्हे. त्यात तळघर होतं, पण पाणी नव्हतं. तरी माझे हात थरथरले. ती म्हणाली, “गाडीत वाचलं मी सगळं.”

“मग? कसं वाटलं?”

“खरं सांगू?”

“सांग की.”

“आज्जी, त्या झुंजारला भूकच लागत नाही का गं? सगळ्या पुस्तकात एकदाही जेवला नाही.”

मी काही बोलले नाही. मोतीबिंदू काढल्यापासून मला बारीक अक्षर दिसतं. चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून बसले. रात्री अकराच्या सुमाराला त्रेसष्टाव्या पानावर तो चहा पिताना सापडला. मी तिला झोपेतून उठवून दाखवलं.